सुनेच्या फोनमधलं जेल

बाहेरच्या खोलीत पुन्हा हशा पिकला, तशी रुखमाबाईंनी कणीक मळता मळता मान वर केली. सकाळपासूनची ही चौथी वेळ. पहिल्या तीन वेळा त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं.

"बाबा, याले बादलीत लपवू का?" सून विचारत होती.

"बादलीत कायले लपवतं? शिपाई पयले बादलीच उलटी करून पाह्यते," हा पंजाबरावांचा आवाज. "तू असं कर, त्या एकाहत्तरले मैल्या कपड्याच्या गाडीत घाल. मैल्या कपड्याले कोनी हात नाही लावत."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फोनमधून शिट्टी वाजली, काहीतरी धपकन पडलं आणि दोघं पुन्हा हसत सुटले.

"पकडला बाबा. तुमचा अंदाज चुकला."

"माहा नाही चुकला. गेम बनवणाऱ्यानं जेलच पाह्यलं नाही कधी."

रुखमाबाईंनी कणकेला एक गुद्दा जास्तच मारला. खरं सांगायचं तर त्यांना सुनेचा हेवा वाटत होता. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं, जिच्या हाताखाली घर, दोन म्हशी आणि जेलातून निवृत्त झालेला हवालदार नवरा होता, सत्तावीस वर्षांच्या सुनेचा हेवा करावा, हे काही चांगलं दिसत नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं. पण कळून काय होतं, पोटात दुखायचं ते दुखतच होतं.

मोनाली, त्यांची सून, नेरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. महिनाभरापूर्वी ड्यूटीवरून येताना स्कूटीपुढे बकरी आली, बकरी वाचली आणि मोनालीचा पाय मोडला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे जमिनीला पाय लावायचा नाही. मुलगा संघदीप वणीला कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन, पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे सुनेचं उठणं-बसणं, अंघोळ, जेवण सगळं रुखमाबाईंच्याच गळ्यात. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मोनाली गुणाची पोर होती, दर वेळी "आई, तुमाले लई त्रास होऊन राह्यला" म्हणायची. तक्रार होती ती त्या गेमबद्दल.

प्लास्टरच्या चौथ्या दिवशी कंटाळून मोनालीनं फोनवर तो गेम उघडला. पट्ट्यापट्ट्याच्या कपड्यातला एक हडकुळा, नाकाड्या कैदी आणि त्याला जेलमधून बाहेर काढायचं. कधी चमचा, कधी साबण, कधी मांजर, हाताशी जे असेल ते वापरून. चुकलं की शिट्टी वाजायची, कैद्याच्या डोक्यावर बादली पडायची आणि तो पुन्हा कोठडीत. त्या दिवशी पंजाबराव खिडकीशी पेपर वाचत बसले होते. फोनमधली शिट्टी ऐकली आणि ते खुर्चीतून ताडकन उभेच राहिले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण पाय अजून नोकरीतच होते.

मग त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. स्टुलावर एक जाडा, मिशाळ शिपाई घोरत होता.

"हे काय दाखवते?" पंजाबराव म्हणाले. "शिपायाले स्टुलावर बसाचीच परवानगी नाही. झोपला त सस्पेंड होते. कोनं बनवलं हे?"

"गंमत आहे बाबा ती."

"गंमत असू दे. पन चाबी अशी कमरेले लोंबकयत ठेवते का कोनी?"

तक्रार करता करता ते खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले आणि त्या दिवसापासून तिथलेच झाले. कैद्याच्या सदऱ्यावर एकाहत्तर आकडा होता, म्हणून ते त्याला एकाहत्तर म्हणू लागले. कैद्याला नावानं हाक मारायची त्यांना सवयच नव्हती.

इथपर्यंतही रुखमाबाईंना काही वाटलं नसतं. म्हातारा माणूस सुनेजवळ चार घटका बसतो, चांगलंच आहे. पण गेम खेळता खेळता मोनाली सहज विचारायची, "बाबा, खऱ्या जेलात असं असते का?" आणि पंजाबराव सांगायचे. खुशाल सांगायचे, हातवारे करून, आवाज काढून. एका कैद्यानं साळुंकीला शिपायासारखी शिट्टी मारायला शिकवली आणि अख्खी बराक वेळेआधी रांगेत उभी राहिली, ते सांगितलं. खून करून आलेला एक आडदांड माणूस कांदा कापताना आईची आठवण काढून रडायचा, ते सांगितलं. एकानं वाफ्यात मेथी लावली आणि पहिली जुडी त्यांच्या हातात दिली, तेही सांगितलं. कैद्याकडून काही घ्यायचं नाही म्हणून ती जुडी त्यांनी गेटवरच ठेवून दिली होती.

ती मेथी माझ्या घरी यायची होती, रुखमाबाई आत भांडी विसळताना मनात म्हणाल्या. निदान तिची गोष्ट तरी यायची होती.

कारण तीस वर्षं त्या जेलच्या क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या. वेगवेगळ्या गावची चार जेलं झाली, पण क्वार्टर तेच, दोन खोल्यांचं, समोर उंच भिंत. नवीन लग्न झालेलं असताना त्यांनी एकदा विचारलं होतं, आत काय असते. पंजाबराव म्हणाले, "मानसं असतेत." कशी असतेत, असं विचारलं, तर "जशी भाईर असतेत." संपलं. त्यानंतर रोज संध्याकाळी पट्टा खुंटीला, टोपी फळीवर आणि तोंडाला कुलूप. शेजारच्या शिपायाची बायको कांताबाई हिला मात्र नवरा सगळं सांगायचा. नळावर ती आतल्या बातम्या पुरवून पुरवून सांगायची आणि रुखमाबाईंना स्वतःच्या नवऱ्यानं कोणाचं भांडण सोडवलं, हे कांताबाईकडून कळायचं. "तुमाले नाही सांगतलं का व?" असं कांताबाई विचारायची तेव्हा रुखमाबाई मिठाची गुळणी धरून हंडा भरायच्या. त्या कांताबाईचाही त्यांना हेवा वाटायचा. पण ती परकी बाई होती, बदली झाली की सुटका व्हायची. सुनेची कुठे बदली होणार?

"आई, या न इकडे, तुमी बी पाहा," मोनाली हाक मारायची.

"मले कामं हायेत," रुखमाबाई आतूनच सांगायच्या. आणि ती पुन्हा एकदा बोलावेल म्हणून थोडा वेळ हात थांबवून उभ्या राहायच्या. मोनाली काही पुन्हा बोलावत नसे. सासूबाईंना खरंच काम असेल, असं त्या सरळ पोरीला वाटायचं.

मंगळवारी दुपारी रुखमाबाईंचा धीर सुटला. जेवणानंतर मोनाली औषधानं गाढ झोपायची आणि पंजाबराव दोन ते साडेतीन पंख्याखाली पडायचे. फोन तिपाईवर चार्जिंगला लावलेला असायचा. तो उघडायची रेघ मोनालीनं सगळ्यांदेखत दहादा ओढली होती. रुखमाबाईंनी हात पदराला पुसले, फोन उचलला आणि स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसल्या. नवऱ्याची जीभ सैल करणारं हे आहे तरी काय, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

एकतिसावी लेवल होती. दोन दिवस ती दोघं तिथंच अडकली होती आणि त्यावरून जेवतानाही वाद घालत होती. कैद्याजवळ किल्ली आली होती. तो दार उघडून बाहेर यायचा, चार पावलं टाकायचा की शिपाई जागा व्हायचा, उघडं दार पाहायचा आणि शिट्टी. बिछान्यात उशी ठेवून, मांजर सोडून, साबण सांडून झालं होतं. रुखमाबाईंनीही तीनदा बादली पाडून घेतली.

चौथ्यांदा त्यांनी स्टुलावरच्या शिपायाकडे नीट पाहिलं. आपला माणूस काय करतो, असा त्यांनी विचार केला. बाजारात जाताना पंजाबराव दाराचं कुलूप तीनदा ओढून पाहायचे. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला निघाले तेव्हाही पुढचं कुलूप तीनदा ओढलं आणि मागचं दार सताड उघडं टाकून निश्चिंत मनानं दोन दिवस राहून आले. कुलूप लागलेलं आहे ना, मग आत सगळं ठीक आहे. रुखमाबाईंनी एकाहत्तरला बाहेर काढलं आणि मागचं दार बोटानं दाबलं. ते बंद झालं. कुलूप दाबलं, तेही लागलं. शिपाई जागा झाला, डुलत आला, कुलूप दोनदा ओढलं, जांभई दिली आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. एकाहत्तर नाचत भिंतीपलीकडे गेला आणि स्क्रीनवर फटाके फुटले.

रुखमाबाई एकट्याच हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मग फोन होता तसा चार्जिंगला लावून चहाचं आधण ठेवलं.

चार वाजता मोनाली उठली. "अय्या, एकतीस सुटली. बाबा, तुमी सोडवली का?"

रुखमाबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. आता हे 'नाही' म्हणतील, मग ती म्हणेल मी पण नाही, मग दोघं माझ्याकडे पाहतील, असं त्यांना वाटलं. पंजाबरावांनी डोळे चोळले, स्क्रीनकडे पाहिलं, सुनेच्या कौतुकानं भरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो मंग," ते म्हणाले. "तेहतीस वर्सं उगीच काढली काय जेलात?"

कपातला चहा बशीत सांडला. सुनेपुढे मोठं दिसायला हा माणूस डोळ्यांदेखत खोटं बोलला होता, आणि तेही रुखमाबाईंच्या अकलेवर. आता त्यांना दोघांचाही राग आला. सुनेचा हेवा तर होताच, शिवाय स्वतःच्याच हुशारीचं कौतुक दुसऱ्याच्या नावावर ऐकायची वेळ आली. बुधवारी दुपारी त्यांनी बत्तीस आणि तेहतीसही सोडवल्या, निव्वळ ईर्षेनं. संध्याकाळी पंजाबरावांनी त्याही आपल्याच म्हणून घेतल्या.

गुरुवारी मोनालीनं ते विचारलं.

"बाबा, खरंच पळून गेलेला कैदी पाह्यला का तुमी कधी?"

"पयालेला नाही पाह्यला," पंजाबराव म्हणाले. "हरपलेला पाह्यला."

रुखमाबाई बाहेरच्या खोलीला लागूनच असलेल्या फळीवरून तुरीच्या डाळीचा डबा काढत होत्या. पंजाबरावांनी घसा साफ केला, म्हणजे गोष्ट मोठी होती.

"तवा मी लांब, एका मोठ्या जेलात होतो. संध्याकायी बंदी होते. म्हंजे सगळे कैदी आपापल्या बराकीत जाते अन् शिपाई दारात उभा राहून मोजते. एका बराकीत एकशे तेरा मानूस होता. तिथं एक शिपाई होता, भल्ला धांदरट. त्यानं मोजलं, म्हणला एकशे तेरा बरोबर, अन् लावलं कुलूप. रात्री बदलीच्या शिपायानं मोजलं, त निंघाले एकशे बारा."

"अन् एक कुठं गेला?"

"तेच त. वाजला भोंगा. कोनी घरी जाचं नाही, कोनी भाईर जाचं नाही. विहिरीत गळ टाकला, नाल्या उपसल्या, आंब्याच्या झाडावर मानूस चढवला. साहेबानं पिठाचे पोते खाली करून पाह्यले. रात गेली, सकाय गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी विणकामाच्या शेडात साहेब डोक्शाले हात लावून बसले होते. तिथं सतरंज्याइचा ढीग होता. त्यातली एक सतरंजी उठून बसली."

मोनाली हसायला लागली.

"त्याले ताप आल्ता. थंडी वाजली म्हणून सतरंजीत गुंडायून झोपला, तो दुसऱ्या दिवशी उठला. अन् साहेबाले काय म्हणते? म्हणते, साहेब, चहा झाला काय?"

मोनाली इतकी हसली की प्लास्टरचा पाय हलून कळवळली. "अन् त्या शिपायाचं काय झालं?"

"काय होते? भर उन्हायात तीन मयने टावरवर उभं केलं त्याले. येडा होता तो."

"कधीची गोष्ट ही?"

"झाली की अठ्ठावीस वर्सं. संघदीप आठ मयन्याचा होता."

रुखमाबाईंच्या हातात डबा तसाच राहिला.

संघदीप आठ महिन्यांचा होता, तेव्हाच्या उन्हाळ्यात त्यांचे वडील गेले होते. महागावला, माहेरी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गेटवरचा शिपाई क्वार्टरवर निरोप घेऊन आला. ऑफिसात फोन आला होता, तुमचे वडील वारले, पंजाबरावांनी सांगितलं आहे की पिशवी भरून ठेवा, बंदी करून आलोच. रुखमाबाईंनी पिशवी भरली. पोराला झबलं घातलं. रात्र झाली तरी पंजाबराव आले नाहीत. गेटवर विचारलं तर आत कोणाला सोडत नाहीत आणि बाहेरही, एवढंच कळलं. महागावला थोरल्या लेकीसाठी, म्हणजे त्यांच्यासाठी, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबले आणि मग वडिलांना घेऊन गेले. पंजाबराव घरी आले संध्याकाळी. का आला नाही असं विचारलं तर म्हणाले, "ड्यूटी होती." दोघं महागावला पोहोचले तेव्हा वडिलांची राखच उरली होती.

अठ्ठावीस वर्षं रुखमाबाई एवढंच समजून होत्या की सासऱ्यासाठी सुट्टी मागायला या माणसाची जीभ रेटली नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात पंजाबरावांची मान काळी पडून सोलवटली होती. रोज संध्याकाळी त्या कोरफडीचा गर लावून द्यायच्या. ड्यूटी बदलली, उन्हातली आली, असं ते म्हणाले होते. तो धांदरट शिपाई कोण, हे आता कोणी सांगायची गरज नव्हती.

डबा फळीवर ठेवून त्या मागच्या अंगणात गेल्या आणि म्हशींपुढे उगाच उभ्या राहिल्या. त्यांना रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. आला तो पुन्हा हेवाच. माझ्या बापाच्या मरणाचा दिवस, तोसुद्धा आधी तिच्या पदरात पडला. तोही हसण्यावारी. अठ्ठावीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते तिला पाय मोडून महिनाभरात फुकट मिळालं. असं मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाजही वाटली, पण आलं ते आलं.

रविवारी दुपारी संघदीप घरी होता. रुखमाबाईंनी पाटोडीचा रस्सा केला होता. मोनालीचं ताट पलंगावर, बापलेक खाली सतरंजीवर आणि रुखमाबाई वाढायला उभ्या.

"बाबा, याइले ते हरपलेल्या कैद्याचं सांगा न," मोनाली म्हणाली.

पंजाबरावांनी आढेवेढे घेतले नाहीत. विहीर, नाल्या, पिठाची पोती सगळं रंगवून सांगितलं. या वेळी आंब्याच्या झाडावर एकाऐवजी तीन माणसं चढली. सतरंजी उठून बसली तेव्हा संघदीपला ठसका लागला.

"कसा बयताड शिपाई असन तो," तो पाणी पिऊन म्हणाला. "अन् अशाले हाजरी घ्याले ठेवते."

"तेच त," पंजाबराव म्हणाले आणि हसले.

रुखमाबाईंच्या हातात भाकरीची टोपली होती. एकच वाक्य बोलायचं होतं. तुझा बापच तो, म्हणायचं आणि मजा पाहायची. मोनालीच्या डोळ्यांतलं कौतुक कसं उतरतं, एकतीस, बत्तीस, तेहतीस कोणी सोडवल्या हेही मग सांगून टाकायचं. तीन दिवस हे वाक्य त्यांनी घोळवून ठेवलं होतं. त्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. ते हसत होते, पण मुलानं बयताड म्हटल्यावर त्यांचा हात ताटात थांबला होता आणि अजून उचलला गेला नव्हता.

"तो शिपाई घरी गेला," रुखमाबाई म्हणाल्या, "तवा बायकोले काय सांगतलं त्यानं?"

पंजाबरावांनी मान वर केली. त्यांनी रुखमाबाईंकडे बराच वेळ पाहिलं.

"ड्यूटी होती, म्हणला," ते म्हणाले.

"अन् बायको काय म्हणली?" मोनालीनं हसत विचारलं.

"काय म्हणन? आंगोयीले पानी ठेवलं तिनं," रुखमाबाई म्हणाल्या. "भाकर घेतं का रे संघदीप?"

"भल्ली साधी होती मंग बाई," संघदीप म्हणाला आणि त्यानं अर्धी भाकरी घेतली. मोनाली मात्र हसायची थांबली. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवू लागली.

जेवणं झाली. संघदीप आतल्या खोलीत आडवा झाला. मोनालीनं फोन हातात घेतला. रुखमाबाईंनी सगळं आवरून स्वयंपाकघरात आपलं ताट वाढलं. पहिला घास घेतला तेवढ्यात दारात सावली पडली. पंजाबराव जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात येत नसत, पाणी लागलं तर बाहेरूनच मागत. आता ते आत आले, कोपऱ्यातला पाट ओढला आणि भिंतीला टेकून बसले.

"तुले कवा समजलं?"

"गुरुवारी. टावरचं आयकलं तवा."

पंजाबरावांनी मान हलवली. फरशीवरची एक शेंगदाण्याची साल उचलून ते तिचे तुकडे करत राहिले.

"तो निरोप आला न, तुह्या बाबाचा, तवा मी मोजतच होतो," ते म्हणाले. "ब्याण्णववर होतो. त्याच्या पुढं काय मोजलं मले नाही मालूम. डोयापुढं तूच येऊन राह्यली होती, का आता ही एकटी काय करत असन. एकशे तेरा म्हणलं अन् कुलूप लावलं. मले घरी याची घाई होती."

रुखमाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"कसं सांगू? तुह्या बापाचा निरोप आला म्हणून चुकलो, असं म्हणू? तुले वाटलं असतं तुह्याच्यानं मले सजा झाली. अन् पयल्या दिवशी नाही सांगतलं, त मंग ते राहूनच गेलं."

"अन् मोनालीले सांगतलं."

"तिले कुठी सांगतलं," पंजाबराव म्हणाले. "तिले त दुसऱ्याच कोन्या शिपायाचं सांगतलं."

 गेले तीन आठवडे ज्या एकेका गोष्टीवरून रुखमाबाईंचा जीव जळत होता, त्या सगळ्या त्यांनी मनात एकदा आठवून पाहिल्या. साळुंकी, कांदा, मेथी. त्यात या माणसाच्या मनातलं कुठेच काही नव्हतं.

"रातभर जेलाच्या भितीवर उभं ठेवलं मले," पंजाबराव सांगत होते. "सकाय झाली त तिथून आपलं क्वार्टर दिसे. तू दारात उभी होती. पोरगं कमरेवर, पिशवी पायाजवळ. ते गावाले जाचं निळं पातळ नेसली होती. दहा वाजता पाह्यलं त तशीच. बारा वाजता पाह्यलं त तशीच. मंग दोन वाजता तू हंडा घेऊन भाईर आली, त अंगावर घरचं पातळ. तवा मले समजलं, का तिनं आता सोडून देल्लं."

आपण पातळ कधी बदललं, हे रुखमाबाईंना आठवत नव्हतं. त्यांना आठवत होती ती फक्त भिंत. दिवसभर त्या तिच्याकडे पाहत होत्या आणि वर कोणीतरी शिपाई उभा होता, रोज असतो तसा. इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"आवाज काहून नाही देल्ला?"

"भितीवरून आवाज देता येत नाही, रुखमा."

 रुखमाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"रातच्याले काही खाल्लं होतं का तुमी?"

"नाही."

"दुसऱ्या दिवशी?"

"एक जन चहा घेऊन आल्ता वर," पंजाबराव म्हणाले. "पन तो असा होता का..."

"बाबा, या न," बाहेरून मोनालीची हाक आली. "चाळीसवी लागली. मले नाही सुटून राह्यली."

पंजाबराव बोलता बोलता थांबले आणि सवयीनं पाटावरून उठू लागले. रुखमाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुह्यी तू सोडव व माय," त्यांनी बसल्या जागेवरून सुनेला मोठ्यानं सांगितलं. "ते कामात हायेत."

आणि पाण्याचा तांब्या त्यांनी पंजाबरावांपुढे सरकवला.